नकाशातील हिरवा रंग : डोंगरी मुलखाच्या इतिहासलेखनाची चिकित्सा

मराठीत स्थानिक इतिहासाचे लेखन थोडे झालेले नाही. गावाचा इतिहास, घराण्याची हकिकत, एखाद्या क्षेत्राचे माहात्म्य, जुन्या संस्थानी तालुक्याचे वर्णन अशा ग्रंथांनी आपल्या संग्रहालयांची कपाटे भरलेली आहेत. यांपैकी अनेक ग्रंथांच्या शेवटी एक नकाशा जोडलेला असतो. तो कोणत्या मूळ नकाशावरून उतरवला, त्या मूळ नकाशाचे सर्वेक्षण केव्हा झाले, लेखकाने त्यातले काय गाळले आणि काय भरले, याविषयी बहुधा एक ओळही नसते. सनदेतील एका अक्षरावरून दहा पाने वाद घालणारे आपले संशोधक नकाशा मात्र विनातक्रार स्वीकारतात आणि ग्रंथाचा अलंकार म्हणून तो शेवटी लावून मोकळे होतात.

सपाट आणि जुन्या वस्तीच्या मुलखात ही उणीव खपून जाते. तेथे सनदा आहेत, देवळांचे शिलालेख आहेत, देशमुख-देशपांड्यांची दप्तरे आहेत. डोंगरी मुलखात असे कागद थोडे. तेथील माणसांनी आपला इतिहास गाण्यांत, कुळकथांत आणि पायवाटांत जपला. अशा ठिकाणी जुना स्थलनिर्देशक नकाशा, ज्याला आपण सर्रास टोपोशीट म्हणतो, हाच पुष्कळदा गावोगावचा पहिला सविस्तर लेख असतो. म्हणून त्याचे महत्त्व मोठे, आणि म्हणूनच त्याची चिकित्साही कठोर हवी. बखर आपण तिचा कर्ता, काळ, आश्रयदाता आणि हेतू पाहून वाचतो. नकाशाही तसाच वाचला पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे.

या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ आम्ही आदिलाबादचा डोंगरी मुलूख घेतो. तो पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातला. उत्तरेस पैनगंगा आणि वर्धा, पूर्वेस प्राणहिता, दक्षिणेस गोदावरी, आणि मधून वायव्येकडून आग्नेयेकडे गेलेली सातमाळ्याची रांग. मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी या भाषा तेथे दीर्घकाळ शेजारी नांदल्या. आपल्यापैकी काही घराण्यांचा या मुलखाशी नोकरीचा, वतनाचा किंवा जमिनीचा संबंधही आलेला आहे. त्यामुळे हा विषय आपल्यासाठी केवळ भूगोलाचा राहत नाही.

प्रथम या लेखाचा कर्ता कोण ते पाहू. हिंदुस्थानच्या मोजणीच्या इतिहासात हैदराबादचे स्थान मोठे आहे, पण येथील मराठी वाचकाच्या ते सहसा ध्यानात नसते. विल्यम लॅम्टनने १८०२ साली मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ आधाररेषा मोजली आणि तेथून त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे सरकू लागली. ती निजामाच्या मुलखात शिरली. बिदरच्या परिसरातील दमरगिड्डा हे तिचे एक प्रमुख ठाणे. जॉर्ज एव्हरेस्टने १८३० साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात वर्णिलेली मध्यान्हरेषेची मोजणी याच ठाण्याच्या अक्षांशापासून, म्हणजे १८ अंश ३ मिनिटांपासून सुरू होते. हाच एव्हरेस्ट १८१९ साली कृष्णा आणि गोदावरी यांच्या दरम्यानच्या जंगलात तापाने अंथरुणाला खिळला, आणि त्याच्याबरोबरची माणसेही आजारी पडली. लॅम्टन १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तेथेच आहे.

या मोजणीवर दोन इंग्रजी ग्रंथ आपल्याकडील जिज्ञासूंच्या वाचनात येतात. जॉन के यांचा 'द ग्रेट आर्क' (२०००) अतिशय वाचनीय आहे. तापाने फणफणलेले साहेब, अवजड थिओडोलाइट, ओढ्याचे पूर, वाघांची भीती हे सारे त्यात रंगून येते. पण ती वीरकथा आहे, आणि वीरकथेत झेंडे धरणारे, झाडे तोडणारे, यंत्र खांद्यावरून डोंगरावर चढवणारे लोक पार्श्वभूमीत राहतात. मॅथ्यू एडनी यांचा 'मॅपिंग अॅन एम्पायर' (१९९७) वाचायला रुक्ष, पण आमच्या कामाचा अधिक. हे ज्ञान कोणासाठी गोळा झाले आणि त्यामुळे राज्यकर्त्यांना मुलूख आपल्या मुठीत आल्याचा भास कसा झाला, हा एडनी यांचा प्रश्न आहे. डोंगरी मुलखाच्या अभ्यासकाला तोच प्रश्न उपयोगी पडतो. लॅम्टनचे त्रिकोण शिखराकडून शिखराकडे गेले. दोन शिखरांमधल्या दरीत कोण राहते, हे विचारण्याची त्या मोजणीला गरज नव्हती.

दरीत उतरण्याचे काम पुढच्या नकाशांनी केले. १९०५ नंतर भारतीय सर्वेक्षण विभागाने एका मैलास एक इंच या प्रमाणावरील नव्या धर्तीचे रंगीत नकाशे हाती घेतले. त्यांत उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा तपकिरी, पाणी निळे, जंगल हिरवे, लागवडीची जमीन पिवळी आणि नावे काळी. क्रमांकाची पद्धत एकदा कळली की आपला मुलूख शोधणे अवघड नाही. ५६ क्रमांकाचा चौकोन १६ ते २० उत्तर अक्षांश आणि ७६ ते ८० पूर्व रेखांश एवढा मुलूख व्यापतो. त्याचे एकेका अंशाचे सोळा भाग, त्यांना 'ए' पासून 'पी' पर्यंत अक्षरे. हैदराबाद शहर ५६ 'के' मध्ये येते, आदिलाबाद, किनवट आणि उटनूर ५६ 'आय' मध्ये, माहूर ५६ 'ई' मध्ये, राजुरा ५६ 'एम' मध्ये. प्रत्येक भागाचे पुन्हा सोळा तुकडे, आणि तो एकेक तुकडा म्हणजे एकेक शीट. दशमान पद्धती आल्यावर इंची प्रमाणाची जागा पन्नास हजारास एक या प्रमाणाने घेतली, तरी ही चौकट टिकली. २००५ च्या नकाशा धोरणाने लष्करी आणि खुली अशा दोन मालिका वेगळ्या केल्या, खुल्या मालिकेला निराळी क्रमांकपद्धती दिली, आणि २०२१ मध्ये उरलेले पुष्कळसे निर्बंध सैल झाले. नकाशा मिळत नाही ही सबब आता पूर्वीइतकी चालणार नाही.

अशा शीटवर नजर टाकताना आपला डोळा प्रथम गावाच्या नावावर जातो. तो आधी समासावर जावा. सर्वेक्षणाचा हंगाम कोणता, आवृत्ती कोणत्या साली निघाली, हे तेथे छापलेले असते. या दोहोंत अनेक वर्षांचे अंतर पडू शकते. छपाईचे साल पाहून 'त्या वर्षी हे गाव होते' असे विधान करणारा लेखक फसतो, कारण गाव मोजणीच्या हंगामात होते, छपाईपर्यंत ते राहिलेच असेल असे नाही. सनदेची तारीख आणि तिच्या नकलेची तारीख यांत आपण जो भेद करतो, तोच येथे करावयाचा.

समासानंतर समोच्च रेषा. संस्थानी काळच्या वर्णनांत अशा मुलखाची बोळवण 'जंगली आणि रोगट' एवढ्यावर होते. शीटवरील तपकिरी रेषा त्यापेक्षा पुष्कळ सांगतात. निर्मळहून आदिलाबादकडे जाणारा रस्ता महबूब घाटाने चढतो. आसिफाबादच्या बाजूने उटनूरच्या पठारावर यायचे तर केरामेरीचा घाट लागतो. हे दोन चढ पाहिले की या पठारावर राज्यसत्तेचा हात उशिरा का पोहोचला, आणि रस्ते झाल्यावर तो इतक्या वेगाने का पोहोचला, हे कोणत्याही फर्मानाशिवाय कळते. बैलाच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहणाऱ्या बंजाऱ्यांना घाट अडवत नव्हता. गाडीला अडवत होता. गाडीबरोबर येणारा सावकार आणि जमीनखरेदीदार त्यामुळे खाली थांबला होता.

परंतु येथेच पहिला धोका आहे. शीटवर गोंडांचे गुडे पठारावर आणि माथ्यावर, तर काळ्या मातीच्या खोऱ्यांत मराठी आणि तेलुगू शेतकऱ्यांची मोठी गावे, असे चित्र दिसते. ते पाहून 'गोंड हे मूळचे डोंगरात राहणारे लोक' असे लिहून टाकण्याचा मोह होतो, आणि आपल्याकडे तसे लिहिलेही जाते. पण माणिकगडचा किल्ला, उटनूरची गढी, शिरपूर, आणि पलीकडे चांद्याचे गोंड राज्य हे सारे त्या विधानाला छेद देतात. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात जे नोंदवले, त्याचा रोख हाच आहे की गोंड खोऱ्यांतील सुपीक जमीनही कसत असत आणि बाहेरून आलेल्यांनी त्यांना तेथून हळूहळू माथ्यावर ढकलले. म्हणजे नकाशावर जे निसर्गासारखे दिसते ते घडलेले आहे. नकाशा एका हंगामाचे चित्र देतो. ते अनादी काळाचे चित्र समजणे हा वाचणाऱ्याचा दोष.

नावांचे वाचन यापेक्षाही नाजूक. मोजणीदाराने गोंडाच्या, तेलुगू पटवाऱ्याच्या किंवा मराठी पाटलाच्या तोंडून नाव ऐकले, रोमन लिपीत उतरवले, आणि आपण ते पुन्हा देवनागरीत आणतो. या तीन उड्यांत नाव पुष्कळ झिजते. शिवाय सत्तेने बदललेली नावे वेगळीच. आसिफाबादचे जुने नाव जनगाव, आदिलाबादचे एदलाबाद. वरंगळकडच्या जनगावशी या जनगावाचा घोटाळा करणारा लेखक मग संपूर्ण मोहीमच भलत्या जिल्ह्यात नेऊन ठेवतो. नाव नोंदवणे ही निरुपद्रवी कृती नसते, याची जाणीव युरोपातही उशिरा आली. १८३० च्या दशकातील आयर्लंडच्या मोजणीत आयरिश गावनावे इंग्रजी वळणावर गेली, आणि त्या घटनेवर ब्रायन फ्रिएल यांनी १९८० साली 'ट्रान्स्लेशन्स' हे नाटक लिहिले. आमच्या माहितीच्या मुलखात अशा नाटकाला सामग्री कमी नाही.

मात्र नावांवरून भाषिक मालकी सिद्ध करण्याची जी हौस आपल्या लेखकांत आहे, तिचा येथे स्पष्ट निषेध केला पाहिजे. बाबेझरी, जोडेघाट, भोलापठार अशी नावे शीटवर दिसली की 'हा मुलूख मूळचा मराठीच' असे अनुमान निघते. तेलुगू लेखक '-पल्ली' आणि '-पेट' शोधून उलट अनुमान काढतात. झरी, घाट, पठार हे शब्द मराठी आहेत हे खरे. पण ते एवढेच सांगतात की या मुलखाची बाहेरच्यांशी बोलण्याची भाषा त्या भागात मराठी होती. गावात आपसांत कोणती भाषा चालत होती हे त्यावरून ठरत नाही. याचा उत्तम पुरावा १९४३ नंतरच्या गोंड शिक्षण योजनेत आहे. मारलावाई येथे शिक्षक तयार झाले, गोंडी भाषेची वाचनमाला निघाली, आणि ती देवनागरी लिपीत छापली गेली. लिपी मराठीच्या ओळखीची, भाषा गोंडी. आपल्या दाव्यांना आवर घालण्यास हे एक उदाहरण पुरे आहे.

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. शीटवरचा हिरवा रंग हा सर्वांत शांत दिसणारा आणि सर्वांत बोलका भाग आहे. हिरवे म्हणजे जंगल, आणि त्यावर राखीव जंगलाची हद्द. वाचणारा ते पाहून समजतो की येथे कोणी नव्हते. वस्तुस्थिती निराळी होती. माथ्यावरची हलकी जमीन काही वर्षे कसायची, मग ती पडीक टाकून दुसरीकडे वळायचे आणि कालांतराने पुन्हा तेथे यायचे, ही तेथील शेतीची रीत. गुडाही त्याबरोबर हलत असे. मोजणीच्या हंगामात जी जमीन विश्रांती घेत होती, तीवर झुडपे वाढलेली होती. मोजणीदाराला ती झाडी दिसली. जंगल खात्याने हद्द आखली तेव्हा ती बिनमालकीची ठरली. जेथे हद्दीच्या बाहेर राहिली, तेथे ती दुसऱ्याच कोणाच्या नावे पट्ट्यावर चढली. आणि उठून गेलेला गुडा 'बेचिराख' म्हणून नोंदला गेला. जणू रोगाने किंवा लुटीने गाव उजाड झाले. गावकरी मात्र दोन कोसांवर नवे कूड उभारून राहत होते आणि जुन्या जागेच्या देवाला वर्षाकाठी नैवेद्य नेत होते.

हायमेनडॉर्फ यांच्या लेखनाचा गाभा हाच आहे. ऑस्ट्रियात जन्मलेले हे मानववंशशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरल्याने हैदराबाद संस्थानातच अडकून पडले, आणि त्या सक्तीच्या मुक्कामातून आपल्या मुलखाला त्याचा सर्वांत चांगला अभ्यासक मिळाला. त्यांचे 'ट्रायबल हैदराबाद' (१९४५) हे अहवाल आणि 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' (१९४८) हा ग्रंथ एकत्र वाचावेत. ग्रंथात दैवतकथा आणि विधी यांना अग्रस्थान आहे आणि जमीन मागे उभी आहे. अहवालांत जमीन पुढे येते. पुढे 'ट्राइब्ज ऑफ इंडिया' (१९८२) मध्ये ते त्याच गावांकडे परत गेले आणि चाळीस वर्षांत काय हरवले याचा हिशेब त्यांनी मांडला. आमची तक्रार एवढीच की त्यांचे मोठे यश मानलेल्या पहिल्या ग्रंथाचाच आपल्याकडे उल्लेख होतो आणि जमिनीचा हिशेब मांडणारे लेखन बाजूला पडते. कथा सांस्कृतिक वाटते, हिशेब अडचणीचा वाटतो.

अडचण कोणाची, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. १९४० साली जोडेघाटच्या परिसरात कोमराम भीम आणि त्याचे सोबती संस्थानच्या पोलिसांच्या गोळीबारात पडले. भांडण जमीन कसण्याच्या हक्काचे होते. त्या घटनेनंतर सरकार हलले, १३५६ फसलीत आदिवासी क्षेत्राचा कायदा झाला, हजारो गोंड आणि कोलाम कुटुंबांना पट्टे मिळाले. पण त्याआधीच्या दशकांत खोऱ्यातील जमिनी ज्यांच्या नावे चढल्या, त्यांत कोमटी होते, मुसलमान जमीनदार होते, आणि मराठी बोलणारेही होते. पडीक जमीन कोणाच्या नावावर लिहायची हे ज्याच्या लेखणीवर होते, तो पटवारी पुष्कळ ठिकाणी आपल्याच भाषेचा होता. संस्थानात मराठी भाषेची गळचेपी झाली, शाळांसाठी झगडावे लागले, हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो आणि तो सांगितलाच पाहिजे. त्याच्या शेजारी हे दुसरे पानही ठेवल्याशिवाय आपले लेखन प्रामाणिक होणार नाही.

या बाबतीत सेतुमाधवराव पगडी यांचे उदाहरण आपल्यापुढे आहे. निलंग्यात जन्मलेले, हैदराबादच्या मुलकी सेवेत वाढलेले पगडी मराठ्यांच्या इतिहासाचे साक्षेपी अभ्यासक म्हणून महाराष्ट्रात मान्य झाले. पण त्यांनी गोंडी शिकून तिचे व्याकरण लिहिले आणि आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, हे किती वाचकांना आठवते? ज्या मुलखात हुकूम चालवायचा त्या मुलखाची भाषा शिकणारा अधिकारी आपल्या परंपरेत होता. त्यांच्या फारसी कागदांच्या वाचनाचे जेवढे कौतुक झाले, तेवढे या कामाचे झाले नाही. आमच्या मते स्थानिक इतिहासाला अधिक वाट दाखवणारे काम हेच.

नकाशांच्या मौनाविषयी जे. बी. हार्ली यांनी १९८८ च्या एका गाजलेल्या निबंधात मूलभूत चर्चा केली. नकाशात काय नाही, याला त्यांनी नकाशात काय आहे याइतकेच वजन दिले. हा विचार कोणी टोकाला नेला तर नकाशा म्हणजे केवळ सत्तेचे कपट असे होऊन बसते, आणि मग त्याचा अभ्यास करण्याचे कारणच उरत नाही. आम्ही तेवढ्या टोकाला जात नाही. मोजणीदाराने विहीर, ओढा, पायवाट, घाटाची वळणे ज्या निष्ठेने टिपली, तिला तोड नाही. धरणाखाली गेलेली गावे आज त्याच कागदावर शिल्लक आहेत. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडीच्या नाथसागराखालचे गोदाकाठ, कदम नदीवरील धरणाने बुडवलेले खोरे, किंवा आपल्या शहराजवळ १९२० च्या उस्मानसागराने आणि १९२७ च्या हिमायतसागराने पोटात घेतलेली शिवारे, यांची मूळ रचना पाहायची तर धरणापूर्वीचा नकाशाच उघडावा लागतो. साक्षीदार एका बाबतीत गप्प राहिला म्हणून त्याची सारी साक्ष फेकून देता येत नाही. उलटतपासणी मात्र घ्यावी लागते.

उलटतपासणी किती आवश्यक आहे, हे सीमेच्या प्रश्नावरून दिसते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके व बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल मुंबई राज्याकडे गेले. नांदेड जिल्ह्यातून बिचकुंदा, जुक्कल, मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कले आंध्र प्रदेशाकडे राहिली. कायद्याने महसुली घटकांची नावे घेतली. डोंगराची धार किंवा ओढ्याचे पात्र त्याने सीमा म्हणून सांगितले नाही. तालुक्याची जुनी हद्द हीच राज्याची हद्द झाली, आणि जंगलात जेथे ती कधी पक्की नव्हतीच, तेथे भांडण उरले. जिवती आणि केरामेरी यांच्या दरम्यानची परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर, भोलापठार, इंदिरानगर इत्यादी चौदा गावे महाराष्ट्र आपली म्हणतो आणि पूर्वी आंध्र प्रदेश, २०१४ नंतर तेलंगण, आपली म्हणतो. तेथील लोकांची नावे दोन्ही राज्यांच्या मतदारयाद्यांत आहेत. शिधापत्रिका दोन, शाळा दोन भाषांच्या, आणि जमिनीचा पक्का कागद पुष्कळांकडे एकही नाही.

या वादात जुने नकाशे पुढे केले जातात. आपल्या सहानुभूतीचा कल कोणीकडे असेल हे सांगायला नको, कारण या गावांत १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे आहेत. तरीही नकाशाला जे सांगता येत नाही ते त्याच्या तोंडी घालू नये. इंदिरानगर हे नावच सांगते की ही वस्ती संस्थानी काळच्या शीटवर सापडणार नाही. त्या जागी तेथे काय असणार? हिरवा रंग. आणि त्या हिरव्या रंगाखाली पूर्वी कोण नांगर धरत होते, हा प्रश्न दोन्ही राज्यांच्या दाव्यांत कोठेही येत नाही. दुष्काळाने उठलेल्या मराठवाड्याच्या शेतमजुराला घर आणि कागद मिळाला पाहिजे, यात शंका नाही. पण तो ज्या पठारावर आला ते रिकामे होते असे इतिहासात लिहिले जाऊ नये. गोंड आणि कोलाम तेथेच आहेत आणि त्यांतील कित्येकांचा हक्क अजून कागदावर यायचा आहे.

मग डोंगरी मुलखाचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्याने काय करावे? एका मुलखाच्या निदान दोन काळच्या शीट शेजारी ठेवाव्यात आणि हरवलेल्या व नव्याने आलेल्या प्रत्येक नावाची यादी करावी. ती यादी खासरा पाहणी, सेतवार आणि गावच्या जुन्या पहाणीपत्रकांशी ताडून पाहावी. संस्थानी कागदांवरील फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवून इसवी सन काढावा आणि तो मोजणीच्या हंगामाशी जुळतो का हे तपासावे. आणि यानंतर पायी चालावे. दामोदर कोसंबी यांनी पुण्याच्या परिसरात डोंगरवाटा, लेणी, ग्रामदैवते आणि सूक्ष्म दगडी हत्यारे यांचा संबंध पायी फिरून लावला. 'मिथ अँड रिअॅलिटी' (१९६२) हा त्यांचा ग्रंथ मराठी मुलखावरचा असूनही आपल्या स्थानिक इतिहासकारांनी ती पद्धत क्वचितच उचलली. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५५ साली इंग्लंडच्या शिवारांचा इतिहास याच रीतीने, नकाशा हातात आणि चिखल पायाला घेऊन सांगितला होता.

आदिलाबादेत चालण्यासाठी वाट दाखवणारेही आहेत. दरवर्षी पौषात केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेपूर्वी मेसराम कुळाचे गोंड गोदावरीचे पाणी आणण्यासाठी पायी जातात आणि ठरलेल्या वाटेने परततात. मुक्काम कोठे, कोणत्या झाडाखाली थांबायचे, कोणत्या गावाने शिधा द्यायचा, हे सारे त्यांच्या मुखी आहे. अशी वाट शीटवर धरून तपासली तर मोजणीने पाहिलेला मुलूख आणि लोकांनी जगलेला मुलूख यांतील अंतर कोसाकोसाने मोजता येईल. दोन्ही एकाच कागदावर आणणारे पुस्तक मराठीत व्हायला हवे.

ते लिहिण्याची साधने आपल्यापासून दूर नाहीत. सुलतान बाजार, काचीगुडा, बरकतपुऱ्यातल्या जुन्या घरांत ज्या पेट्या आहेत, त्यांत कोठे मोडीतली वाटणीपत्रे असतील, कोठे उर्दूतली पट्ट्याची नक्कल, कोठे आजोबांच्या दौऱ्याची वही. घरे पाडून इमारती उठताना हे कागद रद्दीत जातात. त्यांत आपल्या घराण्याला न शोभणारे एखादे पान निघाले तरी ते जपावे आणि ग्रंथसंग्रहालयाच्या स्वाधीन करावे. शीटवरचा हिरवा रंग कोणाच्या शेतावर पसरला, याची नोंद कदाचित त्या पानावरच असेल.